गोड लागलं की सांगा

रत्नागिरीच्या त्या रुग्णालयात मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्या दिवशी मॅडमनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, कुठं शिकलीस तेही विचारलं नाही. क्षयाच्या वॉर्डाच्या दारात उभं केलं आणि म्हणाल्या, "वारा कुठून येतोय?"

मी मिरजेकडची. आमच्याकडे वारा आला की धूळ येते, एवढंच मला ठाऊक. म्हटलं, "बाहेरून."

"बाहेरून सगळेच येतात. तूपण आलीस. कुठल्या बाजूनं?"

मी समुद्राकडच्या खिडक्यांकडे बोट दाखवलं.

"मग पेशंटशी बोलताना कुठं उभी राहशील?"

त्यांनी माझे खांदे धरून मला फिरवलं, खिडकीकडे पाठ करून उभं केलं. "अशी. वारा तुझ्या पाठीवरून त्याच्याकडे गेला पाहिजे. उलटी उभी राहिलीस तर त्याचा खोकला पानात वाढून घेतल्यासारखा घेशील. हां, आता नाव सांग."

नाव सांगितलं, पण ते त्यांनी कधी वापरलं नाही. पुढची सगळी वर्षं मी त्यांच्यासाठी "मिरज" होते. दुसरी एक होती ती "गुहागर", तिसरी "राजापूर". एकाच गावच्या दोघी निघाल्या तर त्या वैतागत.

रुग्णालय एका जुन्या ट्रस्टचं, छोटं. आता ते राहिलेलं नाही. मॅडम तिथल्या छातीच्या डॉक्टर. घर अंजनवेलच्या बाजूचं, दर्यावर्दी मुसलमान घराणं. वडील गलबतावर होते, भाऊ सगळे आखातात. भाऊ फोन करून सांगत, इकडे ये, मोठं हॉस्पिटल आहे, घर देतो. त्या म्हणत, "तिथं खिडक्या उघडत नाहीत." लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची आमची छाती नव्हती. एकदा एका म्हाताऱ्या पेशंटनं विचारलंच, तर त्याचा एक्स-रे उजेडात धरून म्हणाल्या, "आधी तुमचं हे भोक बुजू दे, मग माझं बघू."

उंच, हाडापेराच्या. जाड सुती कुर्ता, ओढणी कामकरणीसारखी कमरेला घट्ट बांधलेली, चष्म्याची काडी बँडेजच्या दोऱ्यानं आवळलेली. पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत येणारे पुरुषांचे रबरी बूट. आमच्याशी छापील मराठी बोलत, आणि बंदरावरचा पेशंट आला की तीच बाई "काय रे मेल्या, गोळ्या खाल्लंस का टाकलंस?" असं सुरू करायची.

दुपारचं जेवण त्या इमारतीत जेवत नसत. मागच्या दगडी गडग्यावर, आमच्याकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून बसत. भाकरी आणि बांगडा. काटे चोखून एका रेषेत मांडत. त्या वेळात कुणी हाक मारायला गेलं की म्हणत, "आत्ता मी डॉक्टर नाही. अंजनवेलची आहे. कुणी मरतंय का?" मरत नसेल तर थांबायचं.

वाऱ्याचं वेड वडिलांकडचं. "बोटीत बसताना बाप आधी वारा बघायचा, मग माणसं मोजायचा," असं सांगत. वॉर्डात उदबत्ती लावून फिरत, धूर कुठं जातो ते बघायला. धूर कोपऱ्यात घुटमळला की तिथली खाट हलवायची. नव्या पेशंटना वाटे मॅडम पूजा करतात. एका आजोबांनी हात जोडून डोळे मिटले. मॅडम म्हणाल्या, "आजोबा, हात नंतर जोडा, आधी खाट सोडा. इथं हवा मरते."

खिडक्यांची कवाडं त्यांनी एका उन्हाळ्यात सुताराला बोलावून काढूनच टाकली. कारण रात्रपाळीच्या आम्ही ती लावून घ्यायचो. पावसाळ्यात खाटांवर पाणी यायला लागलं तेव्हा ट्रस्टचे चिटणीस तणतणत आले. मॅडमनी खाटा हात-दीड हात आत ओढून घेतल्या होत्या. म्हणाल्या, "पाऊस अंगावर पडला तर माणूस भिजतो. दुसऱ्याचा खोकला अंगावर पडला तर काय होतं, ते मी तुम्हाला स्मशानात नेऊन दाखवू शकते."

हे शेवटचं त्या उगाच बोलत नव्हत्या.

मी यायच्या आधी तिथं सावर्ड्याची एक सिस्टर होती. तिची गोष्ट मला "गुहागर"नं सांगितली. गोळ्यांना दाद न देणाऱ्या क्षयाचे पेशंट तेव्हा नुकतेच दिसायला लागले होते. त्यांच्यासाठी जाड, गाळणीचे मास्क ट्रस्टनं मागवले होते. खोकं आलं, पण ते भांडाराच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं गेलं. संपू नयेत म्हणून. पाहुणे आले, तपासणी आली, की काढायचे. एरवी सिस्टरांनी रुमाल बांधायचा. सावर्ड्याची सिस्टर रुमाल बांधून काम करत राहिली, तिला तोच क्षय झाला आणि ती गेली. मागं दोन लहान मुली.

ती गेल्याचं कळलं त्या सकाळी मॅडमनी ऑक्सिजनच्या सिलिंडरचा पाना घेतला, भांडारात गेल्या आणि कपाटाचं कुलूप फोडलं. भांडारपाल मध्ये आला, तर त्याला म्हणाल्या, "बाजूला हो. संपू नयेत म्हणून न वापरलेली वस्तू आणि नसलेली वस्तू यात मला फरक सांग, मी पाना खाली ठेवते." तो बाजूला झाला. खोकं उचलून त्यांनी वॉर्डात आणलं. त्या कपाटाला पुन्हा कुलूप लागलं नाही. लावायला कुणी गेलंच नाही.

पण मास्क वर्षातून एकदा यायचे आणि थोडे यायचे. तेव्हा ते पुरवून वापरायची पद्धतही त्यांनीच बसवली. प्रत्येकीचे आपापले मास्क, पट्ट्यावर आपलं नाव. पाळी संपली की कागदाच्या पिशवीत घालायचा आणि मागच्या ओसरीत दोरीवर चिमट्यानं लटकवायचा. आज लावलेला उद्या लावायचा नाही. दोरीवर पुरेसा विसावला की मगच पुन्हा. प्लास्टिकच्या पिशवीत कुणी ठेवलाच तर त्या पिशवीसकट फेकून देत. "श्वासाला ओल असते. प्लास्टिकात ती कुजते. कागदात सुकते." ओसरीतली ती दोरी बघून बंदरावरचे लोक हसायचे. "डाक्टरीणबायनं सुकट घातल्यान," म्हणायचे.

मास्क लावून देताना त्या स्वतः समोर उभ्या राहत. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायला लावत, मग जोरात श्वास सोडायला सांगत आणि गालाजवळ स्वतःचा तळहात धरत. हवा लागली की पुन्हा पहिल्यापासून. "फट असेल तर मास्क नाही, दागिना आहे."

मग स्वाइन फ्लूचं वर्ष आलं. पुण्याच्या बातम्या आल्या आणि रत्नागिरीच्या बाजारातून मास्क नाहीसे झाले. औषधवाल्यांकडे नाहीत, घाऊकवाल्यांकडे नाहीत. लोक तिपदरी रुमाल बांधून मासळी घ्यायला जायला लागले. आमच्या ट्रस्टला सांगण्यात आलं की एक वेगळा वॉर्ड काढा. वॉर्ड निघाला. पहिल्याच आठवड्यात खाटा भरल्या आणि आमच्याकडचे नवे मास्क बोटांवर मोजण्याइतके उरले.

एका दुपारी आम्हाला एकेकीला प्लास्टिकच्या पाकिटात मास्क मिळाले. अगदी नवे दिसत होते. पांढरेशुभ्र, दवाखान्याचा वास येणारे. आम्ही खूश झालो. मॅडमनी एक पाकीट फोडलं, हुंगलं आणि पट्टा उलटा केला. आतल्या बाजूला पुसट निळ्या शाईत नाव होतं. "राजापूर."

जुनेच मास्क होते. चिटणिसांनी ते स्पिरिटमध्ये बुडवून, वाळवून, पाकिटं करून घेतले होते. वाईट माणूस नव्हता तो. वर्षानुवर्षं ट्रस्टसाठी झिजलेला. त्याला धास्ती होती की मास्क नाहीत ही बातमी बाहेर गेली तर वॉर्ड बंद होईल, रुग्णालयाचं नाव जाईल. आणि स्पिरिटनं जंतू मरतात, हे तर त्याचं खरंच होतं.

मॅडम ते पाकीट घेऊन मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. मोठे डॉक्टर म्हणजे आमचे अधीक्षक. भला माणूस, पण चिटणिसांसमोर त्यांचा आवाज फुटत नसे. चिटणीस तिथंच बसले होते. मला मॅडमनी बरोबर नेलं होतं, नेब्युलायझर उचलायला. दम्याच्या पेशंटना औषधाची वाफ देतो ते यंत्र. आणि त्यांच्या खिशात साखरीन होतं, साखरेऐवजी वापरतात ती गोड पूड, मांडवीच्या किनाऱ्यावर बर्फाचा गोळा विकणाऱ्याकडून आणलेलं.

"साहेब, जरा बसा," त्या चिटणिसांना म्हणाल्या. "पाच मिनिटं."

नव्या उशीचं पारदर्शक प्लास्टिकचं पोतं त्यांनी चिटणिसांच्या डोक्यावरून खांद्यापर्यंत घातलं. पुढं एक भोक पाडलेलं होतं. नेब्युलायझरमध्ये साखरीनचं पाणी, आणि त्या भोकातून नळी आत.

"तोंड उघडं ठेवून श्वास घ्या. गोड लागलं की सांगा."

"गोड लागतंय," चिटणीस लगेच म्हणाले.

"म्हणजे तुमची जीभ ठीक आहे. आता पाणी प्या आणि हा मास्क लावा. अगदी नवा आहे, माझा शेवटचा." त्यांनी तो नीट बसवून दिला. पुन्हा पोतं, पुन्हा वाफ. चिटणीस बराच वेळ तोंड उघडं ठेवून बसले. मान हलवून सांगितलं, काही नाही.

"आता तुमचा."

स्पिरिटमधला मास्कही त्यांनी तेवढ्याच काळजीनं बसवला. हवा कुठून सुटत नाही ना, हे दोनदा पाहिलं. वाफ सुरू झाली. चिटणिसांचा चेहरा प्लास्टिकमधून दिसत होता. थोड्या वेळानं मास्कखाली त्यांचा जबडा हलला, काहीतरी चाखल्यासारखा.

"सांगा की," मॅडम म्हणाल्या.

"गोड लागतंय."

मॅडमनी पोतं काढलं. "ह्याचा धागा म्हणजे नुसती चाळण नाही. त्यात वीज भरलेली असते. कंगवा केसांतून फिरवला की कागदाचे कपटे ओढतो ना, तशी. ती बारीक कण ओढून धरते. स्पिरिट लागलं की जंतू मरतात आणि वीजही जाते. दिसायला तोच, वासाला चांगला, आणि आत काही नाही. तुम्हाला आत गेलं ते साखरीन होतं म्हणून गोड लागलं. माझ्या पोरींना आत जाईल त्याला चव नाही."

चिटणीस म्हणाले, "मग काय करायचं? वॉर्ड बंद करायचा? पेशंट रस्त्यावर टाकायचे?"

"वॉर्ड बंद नाही. पण हे मास्क लावून एकही सिस्टर आत जाणार नाही."

"हे तुम्ही ठरवणार?"

"मीच ठरवलंय."

"मॅडम, ट्रस्टला तुम्हाला कामावरून कमी करता येतं."

"करा. पण आधी मास्क आणा, मग कमी करा. मी दाराशी बसून वाट बघते."

मोठे डॉक्टर दोघांच्या मध्ये टेबलावरची काच पुसत बसले होते.

मॅडम बाहेर आल्या आणि आम्हा सगळ्यांकडची पाकिटं गोळा करून जाळायला दिली. जे थोडे चांगले मास्क उरले होते तेवढ्यावर पाळ्या लावल्या. पहिली पाळी स्वतःची. दोरीवर विसाव्याला ठेवण्याइतके मास्क आता नव्हते. आज लावलेला उद्या लावावाच लागणार होता. तेव्हा विषाणू मरेल पण वीज राहील असं काहीतरी हवं होतं. त्या म्हणाल्या, "ऊब हवी. भाजणारी नको, ओली ऊब. आंबापोळीला लागते तेवढी."

आणि बोलता बोलता थांबल्या.

गावाबाहेर आप्पांचा आंब्याचा कारखाना होता. रसाचे डबे, आंबापोळी, कोकम. आप्पा पूर्वी मॅडमचे पेशंट. गोळ्या अर्धवट सोडल्या म्हणून मॅडम एकदा त्यांच्या कारखान्यात जाऊन कामगारांदेखत त्यांना ओरडल्या होत्या, तेव्हापासून ते मॅडम दिसल्या की उभे राहत. आम्ही गेलो तेव्हा हंगाम संपलेला, कारखाना थंड. आत मोठा ड्रायर होता, पत्र्याच्या कपाटासारखा, ताटांच्या ओळी असलेला.

मॅडमनी काय हवं ते सांगितलं. आप्पांचा चेहरा पडला.

"मॅडम, तुम्ही मागाल ते देईन. पण फ्लूचे मास्क माझ्या ड्रायरात वाळले हे गावात कळलं तर पुढच्या साली माझी आंबापोळी कोण खाईल?"

"कुणी खाऊ नये," मॅडम म्हणाल्या. "मीही खाणार नाही. म्हणून हा मागत नाही. तो मागचा मागते."

शेडमध्ये एक जुना ड्रायर पडला होता, नवा आल्यावर बाजूला काढलेला. त्यावर पोती टाकलेली, आत मांजर व्यालेलं. आप्पांनी सुटकेचा श्वास टाकला. टेम्पो, माणसं, वायरमन, सगळं त्यांनीच दिलं. निघताना एवढंच म्हणाले, "वापरा, खुशाल वापरा. पण परत आणू नका हां."

मागच्या ओसरीत ड्रायर उभा राहिला. खालच्या ताटात पाणी, वरच्या ताटांत कागदी पिशव्यांत एकेकीचा मास्क. पहिला घाणा बाहेर काढला. ड्रायरची तबकडी खोटं सांगत होती. उष्णता जास्त झालेली, नाकाजवळचा स्पंज वितळून चिकटलेला. आधीच मास्क नाहीत, त्यात एवढे गेले. "राजापूर" म्हणाली, "मॅडम, स्पंजच गेलाय, बाकी चांगला आहे. कापूस लावून घेऊ का?"

"नाही."

"पण वाईट वाटतं ना हो टाकायला."

"मलाही वाटतं. पण वाईट वाटणं म्हणजे गाळणी नाही. टाक."

मग त्यांनी प्रयोगशाळेतून थर्मामीटर आणले, ड्रायरच्या प्रत्येक कोपऱ्यात एक लटकवला, आणि आत फाटके मास्क ठेवून एक अख्खा दिवस नुसती ऊब जुळवली. मास्कच्या तुकड्यांवर प्रयोगशाळेतल्या साध्या जंतूंचे थेंब टाकले. काही तुकडे ड्रायरात, काही बाहेर. नंतर बशीत वाढवून पाहिले. बाहेरच्या तुकड्यांवरून दहीभातासारखे ठिपके उगवले. ड्रायरमधल्यांवर काही नाही. कुणीतरी टाळी वाजवली.

"टाळ्या नकोत," मॅडम म्हणाल्या. "हा फ्लूचा जंतू नाही. फ्लूचा याच्याहून नाजूक असतो असं पुस्तक सांगतं. पुस्तकावर माझा विश्वास आहे. तरी खिडक्या उघड्या ठेवा."

आणि मग साखरीन. ड्रायरमधून निघालेला मास्क लावून प्रत्येकीनं पोत्यात डोकं घालायचं. गोड लागलं की मास्क कात्रीखाली. पट्टा सैल झाला, थुंकी उडाली, रक्त लागलं, तरी कात्रीखाली. गोड लागलं तरी न सांगणारी एक निघाली, मास्क जाईल या भीतीनं. मॅडमच्या ते लक्षात आलं, पण त्या तिला ओरडल्या नाहीत. त्या तिच्या शेजारी बसल्या आणि सावर्ड्याच्या सिस्टरच्या मुलींचं सांगितलं, मोठी आता कुठल्या इयत्तेत आहे, कुणाकडे राहते. ती पोरगी रडली. पुन्हा कुणी लपवलं नाही.

त्या वॉर्डात मिरकरवाड्याची एक गरोदर पोर होती. दिवस भरत आलेले, श्वास पुरत नव्हता. बाहेर तिची सासू बसून असायची. येणाऱ्या-जाणाऱ्या सिस्टरला विचारायची, "बाय, आत कोण जातंय काय नाय? का एकटीच टाकलंय तिला?" तिला वाटे, एवढा भयंकर आजार, जवळ कोण जाईल? मॅडम तिला खिडकीशी घेऊन गेल्या. बाहेरून बोट दाखवलं. आत मी त्या पोरीचा हात धरून बसले होते. सासूनं बराच वेळ पाहिलं आणि मग पदर तोंडावर धरून खाली बसली.

ती पोर एकदा ऑक्सिजनचा मुखवटा जरा बाजूला करून मला म्हणाली, "तुमचा तोंड दिसत नाय. हसताव का रागावताव, कायच कळत नाय."

"हसतेय," मी म्हटलं.

"मग बरा."

त्या आठवड्यात तिची प्रकृती फार घसरली. त्या सगळ्या दिवसांत आमच्यापैकी एकीनंही आत जायचं टाळलं नाही. टाळावंसं वाटलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण डोकं पोत्यात घालून, वाफ आत घेऊन, जिभेला काही लागलं नाही की पायांत बळ यायचं. हा मास्क धरतोय हे कुणी सांगितलं म्हणून नाही, स्वतःच्या जिभेनं कळलेलं. हळूहळू तिचा ताप उतरला. पुढं वॉर्डातून बाहेर पडल्यावर तिला मुलगी झाली.

त्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकीलाही त्या वॉर्डातून फ्लू लागला नाही. मास्कमुळे की खिडक्यांमुळे की नशिबानं, असं मी मॅडमना विचारलं. म्हणाल्या, "माहीत नाही. माहीत आहे म्हणणाऱ्याला इकडे पाठव."

गोष्ट इथं संपली असती तर चिटणीस आणि मॅडम यांचं जुळलंही असतं. कारण ड्रायरची बातमी गावात पसरली आणि कौतुक सुरू झालं. एके दिवशी चिटणीस दोन पत्रकारांना घेऊन आले. ओसरीत उभं राहून त्यांनी सगळं समजावून सांगितलं. ड्रायर, पाण्याचं ताट, नावाच्या पिशव्या. त्यांचा आवाज अभिमानानं भरून आला होता, आणि तो अभिमान खोटा नव्हता.

"आमच्याकडे तुटवडा नाहीच," ते म्हणाले. "इतर ठिकाणी मास्कसाठी रांगा लागल्यात. आम्ही तर मागणीच केलेली नाही. आम्हाला नव्यांची गरजच उरली नाही."

मॅडम आतून आल्या. हात ओले होते, ते ओढणीला पुसले.

"काय म्हणालात? मागणी केलेली नाही?"

"गरज काय, मॅडम? तुमचीच कृपा."

मॅडमनी त्यांच्याकडे पाठ केली. मग मला म्हणाल्या, "मिरज, आजचा घाणा काढ. आणि नेब्युलायझर आण."

मास्क तोवर कितीतरी वेळा ड्रायरमधून गेले होते. आम्हाला ते कळत होतं. दिवसेंदिवस कात्रीखाली जाणारे वाढत होते. मॅडमनी एकेकीला पत्रकारांसमोर बसवलं. "गुहागर" बसली. गोड. कात्री. "राजापूर" बसली. नाही. मी बसले. वाफ आली आणि जिभेच्या टोकावर हलकेच लागलं. पत्रकार उभे, चिटणीस उभे. मी सांगितलं, "गोड."

मॅडमनी माझ्या चेहऱ्यावरून मास्क काढला, दोन्ही पट्टे कापले आणि तो चिटणिसांच्या हातात ठेवला. एकामागून एक असे कापलेले मास्क त्या त्यांच्या हातात ठेवत गेल्या. ओंजळ भरली तेव्हा थांबल्या.

"उरलेत ते उद्या दुपारच्या पाळीपर्यंत पुरतील," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "ही युक्ती मी बुडत्या होडीतलं पाणी उपसायला केली. तुम्ही होडी दुरुस्त करायचीच सोडून दिलीत. आता उपसणं बंद. पत्रकारसाहेब, लिहा. इथं मास्क नाहीत. मागितलेले नाहीत. माझं नाव घालून लिहा."

चिटणिसांच्या हातातून काही मास्क खाली पडले. ते उचलायला वाकले आणि वाकूनच म्हणाले, "तुम्ही ट्रस्टची अब्रू घालवलीत."

"तुमची अब्रू कपाटात ठेवा. मला माणसं घरी पाठवायची आहेत."

चिटणीस त्याच संध्याकाळी जीप काढून कोल्हापूरला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या पाळीआधी परत आले, तेव्हा मागं चार खोकी होती. घाटातल्या पावसात रात्रभर गाडीत बसून त्यांचे डोळे लाल झाले होते. कुठं मिळाले, असं मॅडमनी विचारलं. ते म्हणाले, "मागितले. मिळाले." खोकी उतरवायला मॅडम स्वतः गेल्या. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं चिटणिसांनी.

वर्ष संपताना ट्रस्टनं मॅडमची नेमणूक पुढं चालू ठेवली नाही. कारण वय सांगितलं. निरोप समारंभाला त्या आल्या नाहीत. "ज्यांनी काढलं त्यांच्या हातचा नारळ घेऊन मी काय करू? त्यात खोबरंही जुनं असेल," म्हणाल्या. सकाळी सामान न्यायला आल्या, रबरी बूट पिशवीत कोंबले, आम्हा एकेकीच्या गालावर तळहात ठेवला आणि रिक्षात बसल्या. त्या वेळी मोठे डॉक्टर धावत बाहेर आले. उन्हात रिक्षाच्या दांड्याला धरून उभे राहिले.

"मॅडम, त्या दिवशी माझ्या खोलीत मी काहीतरी बोलायला हवं होतं."

"हो," मॅडम म्हणाल्या. "हवं होतं."

मोठ्या डॉक्टरांनी दांडा सोडला.

"आता मी नाही," मॅडम म्हणाल्या. "आता तुम्हालाच बोलायचंय." आणि रिक्षावाल्याच्या खांद्यावर टकटक केली.

दुसऱ्या वर्षी फ्लू पुन्हा आला. मी काहीतरी सही घ्यायला मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत उभी होते, तेव्हा फोन वाजला. पलीकडे चिटणीस आहेत हे मला आवाजावरून कळलं. गेल्या वर्षीचे मास्क थोडे स्वच्छ करून चालवून घेता येतील का, असं काहीतरी चाललं होतं. मोठ्या डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. रिसीव्हर त्यांनी दुसऱ्या हातात घेतला.

"नाही," ते म्हणाले.

पलीकडून बराच वेळ बोलणं आलं.

"नाही, साहेब. नवे मागवा. ते आल्याशिवाय मी कुणाला आत पाठवणार नाही. माझ्या नावावर लिहून घ्या."

त्यांनी फोन ठेवला. टेबलावरचा पाण्याचा ग्लास एका घोटात संपवला. मग वर बघून मला म्हणाले, "सिस्टर, एवढंच असतं होय ते?"